दोन चड्ड्या आणि दोन एकर

सुंदररावाच्या रानात सापडलेली ती चड्डी माझी होती आणि ती मीच पुरली होती. एवढं एक सरळ वाक्य मी वेळेवर बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सरळ वाक्य मला लिहिता येतं, बोलता येत नाही. शाळेच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. तिथं बोलायला मनाई असते, आणि ती मनाई माझ्याइतकी मनापासून पाळणारा दुसरा कोणी त्या शाळेत झाला नाही. गाव मला मास्तर म्हणतं. मी मास्तर कधीच नव्हतो. पण तेही सांगायचं राहून गेलं.

आमची वाडी पाटोद्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला. माझं रान दोन एकर, उताराच्या वरच्या अंगाला. त्याच्या खाली माझा चुलतभाऊ सुंदरराव याचं पाच एकर, आणि दोघांच्या बांधावर सामाईक विहीर. तीन वर्षांपासून मी माझ्या दोन एकरांत नांगर घातलेला नाही. सोयाबीनचं भुसकट, तुराट्या, लिंबाचा पाला, मिळेल ते जमिनीवर पांघरायचं. पेटवायचं काही नाही, उलथापालथ करायची नाही, बिया तेवढ्या टोकायच्या. झाकलेल्या मातीत जीव राहतो, जिवंत माती पाणी पिते आणि प्यालेलं पाणी सावकाश खालच्या विहिरीला सोडते. हे सगळं मी वाचलेलं. वाचताना डोळे भरून येतात. करताना फक्त पाठीत उसण भरते.

गावानं सल्ले द्यायला कमी केलं नाही. सुंदररावाच्या पलीकडच्या बांधाचा बंकट रोज जाता-येता थांबायचा. "मास्तर, रानाला दाढी आलीया. न्हाव्याला धाडू का?" सोसायटीचा सचिव आश्रुबा म्हणाला, की उकिरड्याला कुठली योजना असली तर तो माझं नाव आधी घालील. आमच्या सौभाग्यवती सत्यभामा यांनी पहिल्या वर्षी विचारलं, "आवो, हे किती दिस आसंच ऱ्हायचं?" दुसऱ्या वर्षी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी त्या पाहुण्यांना दुसऱ्या वाटेनं घरी आणू लागल्या.

मला याचं दुःख नव्हतं. दुःख याचं होतं, की हे सगळे बरोबर असतील अशी शंका मलाच रात्रंदिवस यायची. तीन वर्षांत सोयाबीन सुंदररावाच्या बरोबरीनं आलं, म्हणजे कमी आलं नाही. पण जास्तही आलं नाही. माती सुधारली का? हातात घेतली की बरी वाटायची. पण मला चांगलं वाटणं हा काही पुरावा नव्हे. मला स्वतःची कविताही एकदा बरी वाटली होती.

अशात दुष्काळाचं साल आलं. भादव्यातच आभाळ कोरडं झालं. पौषात सुंदरराव माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, ह्या पाडव्याला रान माझ्या हवाली करा. सोसायटीच्या ट्रॅक्टरचा नंबर लावलाय. पलटी मारतो, ऊस लावतो. तुमी निवांत वाचत बसा."

आमच्याकडं रानाची बटई, देणं-घेणं सगळं पाडव्याला ठरतं. पाडव्याला ठरलं की वर्षभर कोणी मागं घेत नाही. वरच्या दोन एकरांत ऊस लावला तर तो सामाईक विहिरीतलं पाणी वैशाखाच्या आत पिऊन टाकणार हे मला दिसत होतं. त्याच विहिरीवर आमची दोन्ही घरं आणि खालच्या आळीची सगळी गुरं. मी ठामपणे नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "बघू."

सुंदरराव उठून गेला आणि नंबराचं पक्कं करून आला.

"तुमच्या 'बघू'वर लोकांनी लग्नं ठरवलीती," सत्यभामा आतून म्हणाल्या. ते खरं आहे. एक तर माझंच.

म्हणजे माझ्याकडं पाडव्यापर्यंतचा वेळ होता. तेवढ्यात मला सुंदररावाला पटवायचं होतं, आणि त्याच्याही आधी स्वतःला. तेव्हाच ती पुस्तिका हाती आली.

पुस्तिकेत जमीन जिवंत आहे की मेलेली हे ओळखण्याची घरगुती रीत दिली होती. कोरी पांढरी सुती चड्डी वीतभर खोल पुरायची. साठ दिवसांनी काढायची. माती जिवंत असेल तर तिच्यातले जिवाणू सगळं सूत खाऊन टाकतात, कमरेचं इलॅस्टिक तेवढं उरतं. माती मेलेली असेल तर चड्डी जशीच्या तशी. शेजारी चित्र होतं: कुठल्यातरी परदेशातला शेतकरी एका हातात अखंड चड्डी आणि दुसऱ्या हातात नुसतं इलॅस्टिक धरून हसत होता. आपली अंतर्वस्त्रं जगाला दाखवून इतकं मोकळं हसणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटला. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीपही होती. ती मी वाचली नाही. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की तळटीपा वाचत जा.

प्रयोगाला दोन चड्ड्या हव्यात, हे उघड होतं. एक माझ्या रानात आणि एक नांगरलेल्या, पेटवलेल्या रानात. म्हणजे सुंदररावाच्या. तुलना केल्याशिवाय शास्त्र नाही.

पाटोद्यात बसप्पाचं कापडाचं दुकान. लग्नाचा बस्ता असो की कफन, आमचं घराणं तिथंच जातं. मी नेहमी पट्ट्यापट्ट्यांची, नाडीची चड्डी घेतो, हे बसप्पाला पाठ आहे. त्यामुळं मी "पांढरी, इलॅस्टिकची, दोन" म्हणालो तेव्हा त्यानं चष्म्यावरून बघितलं.

"कुणाला, सर?"

"मलाच."

"कंबर?"

"कुठलंही माप चालेल."

दुकानात लुगडी बघत बसलेल्या दोन बायांनी लुगडी खाली ठेवली.

"कुठलंबी कसं चालंल, सर? एक शंभरची, एक ऐंशीची दिऊ का?"

"नको, दोन्ही सारख्या हव्यात. फक्त एक बघा बसप्पा, कापड शुद्ध सुती पाहिजे. लवकर कुजणारं."

बसप्पाचा चेहरा पडला. तीन पिढ्यांचं दुकान. "सर," तो म्हणाला, "आमच्या दुकानातलं कापड कुजत न्हाई. तुमच्या वडलांचं धोतर कुजलं का?" मी समजावू लागलो, की कुजलं तर मला आनंदच होईल. त्यानं त्याला आणखी वाईट वाटलं. शेवटी त्यानं एकशे पाच मापाच्या दोन चड्ड्या कागदात गुंडाळून दिल्या आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत बायांकडं बघून मान हलवत राहिला.

घरी येऊन मी पुडकं खुंटीला अडकवलं आणि अंघोळीला गेलो. ही चूक मोठी होती. आमच्या घरात कोरी वस्तू आली की सत्यभामा तिच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात. लुगडं असो, सूप असो, पंखा असो. मी शब्दकोश आणला तेव्हा त्यालाही लावलं होतं. 'अ'पासून 'अडगळ'पर्यंतची पानं अजून पिवळी आहेत. मी अंघोळ करून येईपर्यंत दोन्ही चड्ड्यांच्या पुढच्या अंगाला हळदीचं आणि कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं.

"आवो, ह्या कुणाच्या? ह्यात तुमी दोनदा मावाल."

"प्रयोगाच्या आहेत," मी म्हणालो. त्यांनी पुढं विचारलं नाही. माझ्या प्रयोगांबद्दल विचारणं त्यांनी दुसऱ्या वर्षीच सोडलं होतं.

माझी काळजी निराळीच होती. हळद जंतुनाशक असते. तिनं मातीतले जिवाणू बिचकतील का? या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. शेवटी हळद दोन्हींना सारखीच लागली आहे, म्हणजे तुलनेला बाध येत नाही, असा निष्कर्ष काढून मला स्वतःचं कौतुक वाटलं. हळदीकुंकू लावलेली चड्डी दुसऱ्याच्या रानात पुरलेली सापडली तर ती कशी दिसेल, हा प्रश्न मला शिवलाही नाही.

आता खरं तर सुंदररावाला विचारून पुरायला हवी होती. मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला चहा पिऊन आलो. दुसऱ्या खेपेला "सुंदर, तुझ्या रानात मला जरा..." इथपर्यंत पोहोचलो, तेवढ्यात छबुबाई बाहेर आल्या. छबुबाई म्हणजे सुंदररावाची बायको. माझी भावजय लागते, पण तिच्यापुढं मला चपलाही नीट सापडत नाहीत. मी वाक्य "...बोरं वेचायची होती" असं पुरं केलं. तिनं शेरभर बोरं दिली. त्यामुळं बाजाराच्या दिवशी, सगळे पाटोद्याला गेल्यावर, भर दुपारी मी एक चड्डी माझ्या रानाच्या मध्यावर आणि दुसरी सुंदररावाच्या रानात वीतभर खोल पुरली. सुंदररावाची माती खणताना खुरपं तीनदा वाकलं. माझ्या रानात खूण म्हणून शेजारी एक तुराटी रोवली आणि समाधानानं घरी आलो.

एकेचाळिसाव्या दिवशी सुंदररावानं कुळवाची पाळी घातली आणि चड्डी वर आली.

मी घरात होतो. छबुबाईची किंकाळी मला चार शेतांवरून ऐकू आली. पोहोचलो तेव्हा अर्धी वाडी जमली होती. ढेकळांवर माझी चड्डी पडली होती. शास्त्राच्या नजरेनं बघायचं तर निकाल फार सुंदर होता: कुळवानं पडलेली एक चीर सोडली तर कापड अखंड. हळदीकुंकवाचं बोटही जागच्या जागी. मला मनातून इतका आनंद झाला, की मी जवळजवळ हसलो.

"करणी!" छबुबाई म्हणाली. "हळदीकुंकू लावून पुरलीया. माझ्या धन्याच्या जिवावर उठलंय कुनीतरी! आन केवढी हाय बघा, माप घिऊन केलीया मेल्यानं!" सुंदररावाची कंबर एकशे पाचच असावी. मी ते कधी मोजलं नव्हतं.

बोलायची वेळ ती होती. मी घसा साफ केला. तेवढ्यात छबुबाईनं बंकटकडं बोट दाखवलं. बंकटचा आणि सुंदररावाचा पलीकडच्या बांधावरून चार वर्षांचा वाद. झालं. माझा साफ केलेला घसा तसाच राहिला.

प्रकरण सोसायटीच्या ओट्यावर गेलं. आमच्याकडं ग्रामपंचायत आहे, पण भांडणं सोसायटीतच मिटतात; कारण बी, खत, ट्रॅक्टर तिथूनच मिळतं आणि चेअरमन गहिनीनाथ यांचा आवाज मोठा आहे. छबुबाई म्हणाली, नेकनूरला तिच्या माहेरी एक जाणता आहे, त्याला बोलावून नाव काढते. बंकट उभा राहिला.

"चेअरमन, मी असल्या पांढऱ्या चड्ड्या घालीतच न्हाई. जल्मापासून पट्ट्याची घालतो. दावू का?" आणि त्यानं धोतराच्या गाठीला हात घातला.

"दावू नकु," गहिनीनाथ घाईनं म्हणाले.

"न्हाई, कावून नकु? माज्यावर आळ हाय. दावतोच!"

एका निरपराध माणसाला माझ्यामुळं भर ओट्यावर धोतर सोडावं लागत होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "ती माझी आहे."

असा शांतपणा मी ग्रंथालयातसुद्धा कधी अनुभवला नव्हता.

"तुमची?" सुंदरराव म्हणाला. "दादा, तुमची? माझ्या रानात?"

मी सांगायला सुरुवात केली. जिवाणू, सूत, साठ दिवस, तुलना. मध्येच दोन शब्द विसरलो, मध्येच एक परदेशी नाव घेतलं. शेवटी खिशातून पुस्तिका काढून चित्र दाखवलं. पुस्तिका हातोहात फिरली. हसणारा शेतकरी बघून लोकांना माझ्याबद्दल जरा बरं वाटलं. म्हणजे मी एकटाच नाही. आश्रुबानं मात्र डोळे बारीक करून पानाचा तळ वाचला.

"मास्तर, हितं खाली लिवलंय. चड्डी न मिळाल्यास कुठलंबी सुती फडकं चालंल."

मी पुस्तिका परत घेतली. त्या टिपेचं मी आजही नीट वाचन केलेलं नाही. हिंमत होत नाही.

सुंदरराव जमिनीकडं बघत होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "दादा," तो म्हणाला, "रान द्यायचं नव्हतं तर तोंडानं न्हाई म्हणायचं. चड्डी कावून पुरली?"

मी पुस्तिका घडी करून खिशात घातली.

गहिनीनाथांनी निकाल दिला. मास्तरांच्या रानातली चड्डी पाडव्याच्या आदल्या दिवशी, साठ दिवस भरल्यावर, सगळ्यांसमोर उकरायची. माती चड्डी खाणारी निघाली तर रान मास्तरांचं, मास्तरांच्या मनासारखं. न्हाई निघाली तर ट्रॅक्टर तिथंच बांधावर उभा राहील, लगेच पलटी. "हाय का कबूल?"

मी तोंड उघडलं. सत्यभामा बायांमध्ये बसल्या होत्या; त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की "बघू" घशातच विरघळलं.

"कबूल," मी म्हणालो.

मग मी एक शंका काढली, कारण मला राहवेना. म्हणालो, तुलना बरोबर व्हायची तर सुंदररावाच्या रानातलीही परत पुरली पाहिजे, अजून एकोणीस दिवस बाकी आहेत. यावर छबुबाईनं जे सांगितलं ते इथं लिहीत नाही. अखेर ती एका अटीवर तयार झाली: चड्डीसोबत एक लिंबू आणि एक लोखंडी खिळाही पुरायचा. पुस्तिकेत लिंबाचा उल्लेख नव्हता. पण शास्त्राला लोकांबरोबर जायचं असेल तर थोडं मागंपुढं करावं लागतं.

आश्रुबा म्हणाला, अर्जाशिवाय सोसायटीला यात पडता येत नाही. मी घरी बसून अर्ज लिहिला: "विषय : भूमिगत अधोवस्त्र सर्वांसमक्ष उत्खनित करणेबाबत." त्यानं लाल शाईनं रेघ मारली. "चेअरमन दहावी हायती. चड्डी लिवा." मी चड्डी लिहिलं. मग तो म्हणाला, सोबत सातबारा जोडा. मी विचारलं, चड्डीला सातबारा कशाला? तो म्हणाला, चड्डीचा न्हाई, ती ज्या गटात हाय त्याचा. तलाठी तीन दिवस भेटले नाहीत. चौथ्या दिवशी भेटले आणि उतारा कशासाठी हवा म्हणून विचारू लागले. मी "कौटुंबिक कारण" म्हणालो. त्यांनी सहानुभूतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ते एकोणीस दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी मी रानात जाऊन उभा राहायचो आणि मातीवर विश्वास ठेवायचा प्रयत्न करायचो. विहिरीचं पाणी एकेक परस, म्हणजे माणूसभर, खाली चाललं होतं. गुरांना पाजायला येणाऱ्या बाया विचारायच्या, "मास्तर, खाल्ली का वो तुमच्या मातीनं?" मला वाटायचं, खाल्ली नसली तर? तीन वर्षं मी या मातीला पांघरूण घालत बसलो आणि ती खाली मेलेलीच असली तर? बसप्पाच्या कापडावर माझा जास्त विश्वास होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आठला साठ-सत्तर माणसं बांधावर. सोसायटीचा ट्रॅक्टर पलटी नांगर लावून घुरघुरत उभा. आधी सुंदररावाची चड्डी निघाली: लिंबू सुरकुतलेलं, खिळा गंजलेला, चड्डी धडधाकट. बंकट म्हणाला, धुतली तर लगीनघरात घालता येईल.

"चला मास्तर, आता तुमची. कुठंशी हाय?"

मी रानात शिरलो. "इथं खूण आहे," म्हणालो. "एक तुराटी रोवली आहे."

मग मी समोर बघितलं. माझं दोन एकर रान या टोकापासून त्या टोकापर्यंत तुराट्यांनी झाकलेलं होतं. वाऱ्यानं काही आडव्या पडल्या होत्या, काही उभ्या राहिल्या होत्या. खूण म्हणून मी जंगलात एक झाड लावून ठेवलं होतं.

"मध्यावर आहे," मी म्हणालो. "साधारण."

पहिल्यांदा सुंदररावानं उकरलं. मग बंकटनं. मग मी दाखवलेल्या जागेपासून चार पावलांवर गहिनीनाथांनी स्वतः. मी ओरडत होतो, "हळू! थरानं काढा! पालापाचोळा बाजूला ठेवा!" पण माझं ओरडणं इतर माणसांच्या कुजबुजीइतकंच असतं. दहा वाजेपर्यंत फावडी आली, कुदळी आल्या. बाया खुरप्यांनी ओळीनं बसल्या. भुईमुगाच्या शेंगा काढाव्या तशी माझी चड्डी काढण्याचं काम चाललं होतं. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद करून पाण्याची कळशी मागून घेतली.

"पुरलीच नसंल," कुणीतरी म्हणालं. त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं.

पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागली. लोकांचं बोलणं बदललं होतं. खणता खणता एक बाई थांबली आणि मूठभर माती तिनं शेजारणीच्या हातावर ठेवली. "बघ गं, गार हाय." दुसरी म्हणाली, "ह्या सालात? फाल्गुनात?" बंकट फावड्यावर रेलून म्हणाला, "काय गांडुळं हायती रं. माझ्या रानात शेवटचं गांडूळ आज्यानं बघितलं." सुंदरराव गुडघ्यावर बसला, एक ढेकूळ उचललं आणि दाबलं. ते फुटलं नाही. चिरमुऱ्याच्या लाडवासारखं हातात बसून राहिलं. त्यानं ते हुंगलं. मग कुणी बघत नाही असं वाटून धोतराच्या सोग्यात टाकलं आणि बांध ओलांडून आपल्या रानात गेला. तिथलं एक ढेकूळ उचललं, तेही दाबलं. त्याचा भुगा त्याच्या बोटांमधून पडताना मला दिसला.

तेवढ्यात छबुबाई पुन्हा किंचाळली. "साप! साप!"

तिच्या खुरप्याच्या टोकाला एक मळकं, लवचिक वेटोळं लोंबत होतं. आत दोन-चार सुतं. बाजूला नायलॉनची एक चिठ्ठी, त्यावर आकडा: एकशे पाच. बाकी काही नव्हतं. पाठीमागचं नाही, पुढचं नाही, हळद नाही, कुंकू नाही. माझ्या मातीनं बसप्पाच्या तीन पिढ्यांचं नाव एका हंगामात खाल्लं होतं.

गहिनीनाथांनी ते वेटोळं दोन बोटांत धरून वर उचललं. लोक ओरडले. बंकटनं टोपी उडवली. मी बांधावर बसलो.

"सुंदरराव," चेअरमन म्हणाले, "काय म्हणता?"

सुंदरराव ट्रॅक्टरवाल्याकडं गेला. "पुढल्या नंबराला जा," म्हणाला, आणि धोतर झटकत घराकडं चालू लागला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

अर्ध्या तासात सगळे गेले. मी जिंकलो होतो. तीन वर्षांचं माझं वाचन खरं ठरलं होतं. मी उठलो, चष्मा पुसला आणि प्रथमच माझ्या रानाकडं नीट बघितलं.

रान उरलंच नव्हतं. बांधापासून बांधापर्यंत खड्डे, ढिगारे, उलटलेली माती, पायाखाली चुरलेल्या तुराट्या. जिथं मी तीन वर्षं फाळाचं टोक लागू दिलं नव्हतं, तिथं सत्तर माणसांनी सोसायटीच्या नांगराला लाजवील इतकं खोल खणलं होतं. ओली माती उघड्यावर पडून उन्हात पांढरी होत चालली होती. गांडुळं सावली शोधत होती. माती जिवंत असल्याचं सिद्ध करण्यासाठी मी तिची कातडी सोलून ठेवली होती.

सत्यभामा शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा रानाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्या हसू लागल्या. तोंडाला पदर लावून, पोट धरून हसल्या. या रानात त्या पहिल्यांदाच हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण ऊन वाढत होतं.

"झाकायला पाहिजे," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत सगळी ओल जाईल. पण झाकायचं कशानं? होतं ते सगळं यांनी तुडवलं."

आम्ही दोघं हातांनी खड्डे बुजवू लागलो. बहात्तर वर्षांचा मी, सत्तरीच्या त्या. बारा खड्डे झाले आणि माझी कंबर बोलू लागली. तेव्हा खालून ट्रॉलीचा आवाज आला. सुंदरराव. ट्रॉलीत उसाचं पाचट, रचून रचून भरलेलं. खालच्या तुकड्यातला त्याचा ऊस मागच्याच महिन्यात कारखान्याला गेला होता. दरवर्षी पाडव्याआधी तो हे पाचट पेटवतो. चार शेतं काळा धूर होतो.

"पेटवायचंच होतं," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "कुठं टाकू?"

मी हातानं दाखवलं. मागून छबुबाई दाताळं घेऊन आली आणि सत्यभामांना म्हणाली, "भावजींना सावलीत बसवा. न्हाईतर पुन्हा कायतरी पुरून बसतील." संध्याकाळपर्यंत सात ट्रॉल्या झाल्या. दोघी जावा पाचट पसरत होत्या, सुंदरराव ओतत होता, मी "चार बोटं जाड, चार बोटं" असं म्हणत फिरत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. तरी ते चार बोटंच पडत होतं.

आठवी ट्रॉली बांधापलीकडं, त्याच्याच रानात वळताना कलंडली. निम्मं पाचट तिथंच सांडलं. "ऱ्हाऊ द्या," सुंदरराव म्हणाला. "सकाळी बघतो."

सकाळी पाडवा. गुढी उभारून मी रानात गेलो. बांधापलीकडं पाहिलं तर सांडलेल्या पाचटाचा ढीग नव्हता. सुंदररावाच्या रानाच्या वरच्या पट्ट्यात, विहिरीपर्यंत, चाळीस-पन्नास पावलं, सरळ ओळीत, चार बोटं जाडीचं पाचट पसरलेलं होतं. कडा दाताळ्यानं नीट ओढलेल्या.

सुंदरराव विहिरीच्या कठड्यावर बसून दात घासत होता. माझी नजर कुठं आहे हे त्यानं ओळखलं. चूळ भरून म्हणाला, "वाऱ्यानं पसरलं, दादा."

डोंगरावरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. गुढीचं लुगडं बांबूला चिकटून होतं.

"हो ना," मी म्हणालो. "वारा लई होता."